सत्तरीच्या भाजीला आधी शीतगृह हवे की गाडी?

चोर्ला पायथा (सत्तरी), प्रश्न

सप्रेम नमस्कार. आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील 17 शेतकरी गट करून डिसेंबर ते एप्रिल या काळात भाजीपाला पिकवतो. भात कापून झाल्यावर ओल धरून राहणाऱ्या शेतांत अळसांदे (गावठी चवळी), वाल, मिरची, वांगी, मुळा आणि तांबडी भाजी, तर नदीकाठच्या पट्ट्यात काकडी व कलिंगड अशी आमची पिके आहेत. गटातील चौघे पूर्वी ऊस लावत असत. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप 2019-20 च्या हंगामापासून थांबल्यावर ते भाजीकडे वळले. पिकवण्याचे तंत्र आता बऱ्यापैकी हाती आले आहे. अडचण माल निघाल्यानंतरची आहे.

बेळगावहून चोर्ला घाट उतरणारे भाजीचे टेंपो पहाटेच्या अंधारात आमच्या घरांवरून साखळी, म्हापसा, पणजीकडे जातात, आणि त्याच रस्त्याच्या कडेला आमच्या गोणी कोणाची तरी गाडी मिळेल या आशेवर सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत पडून असतात. गेल्या फेब्रुवारीत एकाच आठवड्यात आम्हा सर्वांची वांगी तोडणीला आली. पहिल्या दिवशी ज्या व्यापाऱ्याने आनंदाने माल घेतला, त्यानेच चौथ्या दिवशी निम्म्याहून कमी भाव सांगितला आणि पाचव्या दिवशी दूरध्वनी उचलला नाही. उरलेली वांगी आम्ही गुरांना घातली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागून सीमेवर गाड्या अडकल्या, तेव्हा याच गोव्यात भाजीसाठी लोक कासावीस झाले होते, हे आठवले की ती वांगी गुरांपुढे टाकताना हात जड होतो.

आता गटात दोन मते आहेत. एका मताप्रमाणे पाच टनांची शीतखोली बांधावी. केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर 7 वर्षांपर्यंत 3 टक्के व्याजसवलत मिळते, त्याचा लाभ घ्यावा असे तरुण सदस्यांना वाटते. दुसरे मत असे की, विटा-वाळूची बिनविजेची शीतकोठी बांधून पाहावी, कारण तिचा खर्च थोडा आहे. पैसा एकदाच उभा राहणार आहे आणि तो चुकीच्या ठिकाणी गेला तर गट मोडेल, ही भीती मला सतावते. पहिला रुपया कशावर घालावा, याविषयी ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त कृषी अभियंता (फोंडा)

आपल्या प्रश्नात उत्तराचा निम्मा भाग आलेला आहे. माल सकाळी साडेनऊपर्यंत रस्त्यावर उन्हात असतो आणि सगळ्यांची वांगी एकाच आठवड्यात येतात, या दोन गोष्टी शीतखोलीने सुटणाऱ्या नाहीत.

आधी बिनविजेच्या कोठीविषयी सांगतो, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली ही रचना साधी आणि सुंदर आहे: विटांची दुहेरी भिंत, मध्ये साडेसात सेंटिमीटरची पोकळी, त्या पोकळीत वाळू आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. पाण्याची वाफ होताना ते भिंतीतील उष्णता घेऊन जाते आणि आतील हवा थंड राहते. परंतु वाफ होण्यासाठी बाहेरची हवा कोरडी हवी. देशावर एप्रिलच्या दुपारी ही कोठी चमत्कार वाटावा इतकी थंडावते. किनाऱ्याच्या दमट हवेत मात्र पाणी वाळूतच बसून राहते आणि तापमान जेमतेम दोन-चार अंश उतरते. सत्तरी आत असल्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी आपल्याला काही लाभ होईल, पालेभाजी ओलसर हवेत कमी सुकेल हाही लाभच आहे, म्हणून एक छोटी कोठी बांधायला हरकत नाही. तिच्यावर गटाची भिस्त ठेवू नये.

शीतखोलीचे गणित वेगळे आहे. आपल्या पिकांची यादी पाहा. तांबडी भाजी आणि मुळा शून्य अंशाच्या जवळ उत्तम टिकतात. वांगी, काकडी, भेंडी यांना दहा अंशांखालची थंडी बाधते. त्यांच्या सालीवर खड्डे पडतात, पाणीदार डाग येतात आणि बाहेर काढल्यावर ती एका दिवसात सडतात. कोणी केळीचा घड आत ठेवला तर तेरा अंशांखाली त्याची साल काळी पडेल, आणि पिकत्या केळ्यांतून निघणाऱ्या वायूने शेजारची पालेभाजी पिवळी होईल ती वेगळीच. म्हणजे एका खोलीत एका तापमानाला आपला सगळा माल राहू शकत नाही. दोन कप्प्यांची खोली घ्यावी तर खर्च वाढतो, आणि आपला हंगाम पाच महिन्यांचा असताना कर्जाचा हप्ता बारा महिने येणार आहे.

याचा अर्थ थंडाव्याला महत्त्व नाही असा कृपया घेऊ नये. तोडलेली भाजी जिवंत असते, ती श्वास घेते, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की तिचा श्वसनवेग दुप्पट ते तिप्पट होतो. पालेभाजीने वजनाचा पाच ते दहा टक्के भाग पाण्याच्या रूपाने गमावला की गिऱ्हाईक तिला हात लावत नाही. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संस्थेच्या 2015 च्या देशव्यापी अभ्यासात टोमॅटोची नासाडी सुमारे साडेबारा टक्के आणि पेरूची जवळजवळ सोळा टक्के आढळली होती. त्या नासाडीचा मोठा भाग तोडणी, निवड, गोणीतील दाब आणि वाहतूक या पहिल्या काही तासांत होतो. आपण तोडणी उन्हे उतरल्यावर किंवा उजाडताना केली, माल लगेच सावलीत नेला, गोणपाटाऐवजी क्रेटमध्ये भरला आणि सूर्य चढण्याआधी तो गाडीत घातला, तर विजेचे एक एककही न जाळता आपण शीतखोलीचे बरेचसे काम साधले असे होईल. वाळपईहून पणजी किंवा म्हापसा दोन तासांच्या आत आहे. बेळगावचा माल आदल्या दिवशी तोडलेला, रात्रभर टेंपोत दाबून आलेला असतो. अंतर हे आपले शीतगृह आहे आणि ते आपल्याला फुकट मिळालेले आहे.

म्हणून माझा क्रम असा राहील. सर्वप्रथम लागवडीचे वेळापत्रक. सतराही जण एकाच आठवड्यात रोपे लावतात, कारण बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या एकाच दिवशी बसतात आणि पाणी सगळ्यांना एकदमच दिसते. ज्यांच्या शेतातील पाणी लवकर आटते त्यांनी पहिली लावणी करावी, ज्यांच्याकडे विहीर किंवा झऱ्याचा आधार आहे त्यांनी तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दुसरी आणि तिसरी करावी. मुळा आणि तांबडी भाजी तर दर आठवड्याला थोडी थोडी पेरता येते. या कामाला पैसा लागत नाही. लागतो तो एकमेकांवरचा विश्वास, कारण उशिरा लावणाऱ्याला हंगामाच्या सुरुवातीचा चढा भाव सोडावा लागतो, आणि त्याची भरपाई गटाने कशी करायची हे आधी ठरले नाही तर पुढच्या वर्षी तो ऐकणार नाही.

त्यानंतर रस्त्याला लागून एक शेड: पक्की जमीन, धुण्यासाठी पाणी, निवडीचे टेबल, इलेक्ट्रॉनिक काटा. त्यानंतर क्रेट आणि ठरलेल्या वेळेची भाड्याची गाडी. गाडी विकत घेण्याची घाई करू नये. दोन हंगाम हे नीट चालले आणि तरीही शनिवार-रविवारी माल उरत आहे असे नोंदवहीत दिसले, तर मग किती मोठी आणि किती तापमानाची शीतखोली हवी, हे आपली वहीच सांगेल.

म्हापशाची विक्रेती

मी गेली 23 वर्षे म्हापशाच्या बाजारात भाजी विकते. वर अभियंता साहेबांनी लिहिलेले मला पटले. विकणाऱ्याच्या बाजूने जे दिसते ते सांगते.

गिऱ्हाईक माझ्यासमोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न विचारते तो भावाचा नसतो, "गावठी आहे का?" हा असतो. आगशीची वांगी, खोलची मिरची ही नावे घेऊन लोक माल मागतात आणि त्याला दोन पैसे जास्त देतात. खोलच्या मिरचीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तुमची वांगी घाऊक व्यापाऱ्याच्या ढिगात बेळगावच्या वांग्यांत मिसळली की हे जास्तीचे दोन पैसे तिथेच संपतात. पुढे तोच ढीग कोणी गावठी म्हणून विकतो आणि त्याचा लाभ तुम्हाला होत नाही. म्हणून तुमचा माल वेगळा राहील, वेगळा ओळखू येईल आणि वेगळा पोहोचेल, याची व्यवस्था करा. त्यासाठी छापील खोका लागत नाही. आमच्यासारख्या आठ-दहा बायकांशी थेट बोलणी केलीत आणि आम्हाला रोज सकाळी साडेसहाला माल मिळाला, तर आम्ही तुमच्या गावाचे नाव घेऊनच तो विकू.

साडेसहा हे मी मुद्दाम लिहिले. आठनंतर आलेली पालेभाजी मी अर्ध्या भावातही घेत नाही, कारण तोपर्यंत नोकरीवर जाणारी माणसे भाजी घेऊन गेलेली असतात. शुक्रवारी मात्र बाजार दिवसभर चालतो. त्या दिवशीची मागणी दुप्पट धरा आणि गुरुवारची तोडणी त्याप्रमाणे ठेवा.

फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर (विक्रीच्या टपऱ्यांवर) सवलतीच्या दराने भाजी मिळते, त्यामुळे कांदा, बटाटा, टोमॅटो यांत तुम्ही आम्ही टिकणार नाही. त्यात पडूच नका. महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांकडूनही भाजी घेते, तेव्हा आपल्या मालाचा काही भाग तिकडे बांधून ठेवा, म्हणजे व्यापाऱ्याने दूरध्वनी उचलला नाही तरी त्या दिवशीची वांगी गुरांपुढे जाणार नाहीत. उरलेला भाग बाजारात आणा.

हॉटेलांचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. किनाऱ्यावरील एका हॉटेलाला मी डिसेंबर ते फेब्रुवारी रोज भाजी दिली. भाव चांगला होता, तोल नीट होता, वागणूकही सभ्य होती, परंतु पैसे पंचेचाळीस दिवसांनी आले. मधल्या काळात मला शेतकऱ्यांना रोख द्यावे लागत होते, ते मी सोने गहाण ठेवून दिले. तुमच्या गटाला हॉटेलाचा माल धरायचा असेल तर आधी दोन महिन्यांचे खेळते भांडवल बाजूला काढा. ते नसताना धरू नका. शीतखोलीपेक्षा हा पैसा अधिक गरजेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट राहिली. सगळी भाजी ताजीच विकली पाहिजे असे नाही. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी सुरू झाली की सुक्या मिरच्या, कुळीथ, अळसांदे, कोकमाची सोले यांना दरवर्षी गिऱ्हाईक शोधत येते, आणि त्या वेळी गावठी अळसांद्यांचा माझा साठा आठ दिवसांत संपतो. तुमच्या गटाने शेवटच्या तोड्यातील अळसांदे ओले न विकता शेंगा वेलीवरच वाळू द्याव्यात, दाणे उन्हात कडकडीत वाळवावेत आणि हवाबंद पिंपात भरावेत, म्हणजे भुंगा लागत नाही. याला वीज लागत नाही, टेंपोची घाई लागत नाही, आणि भाव तुमच्या हातात राहतो.

मानशीकडून (तिसवाडी)

मी खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या) शेतीतला माणूस आहे, भाजीतले मला फारसे कळत नाही. तरीही लिहितो, कारण वर बंधाऱ्याच्या फळ्यांचा उल्लेख एका वाक्यात होऊन गेला आणि तिथेच मला आपल्या सर्वांचे दुखणे दिसले.

गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन आहे. मातीचे बांध आणि मानशीची (बांधातील पाण्याच्या वाटेची) लाकडी दारे यांच्या आधाराने पूर्वजांनी ती खाडीकडून मिळवली. भरतीला पाण्याच्या दाबानेच दारे मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना उघडून बाहेर पडते. यंत्र नाही, वीज नाही. कोमुनिदादीकडे (गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेकडे) ही देखभाल होती तोवर बांध फुटण्याआधी माणसे धावत असत. 1964 चा कुळ कायदा आणि 1976 ची त्याची दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्यायाचेच झाले आणि माझे घरही त्यावरच उभे आहे. परंतु बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली तेव्हा ती कागदावर आली. मानशीतील मासळीचा लिलाव हे संघाचे उत्पन्न, आणि मासळीच्या ठेकेदाराला खारे पाणी आत हवे असते. शेताला ते नको असते. आमच्या गावात दारे अवेळी उघडी राहिली, बांध खचला, आणि मीठ धुऊन निघेपर्यंत आमच्या कोरगुटालाही (खारे पाणी सोसणाऱ्या भातालाही) तग धरता आला नाही. आज त्यातील बरीच जमीन पडीक आहे.

तेव्हा आपण शेड, क्रेट, गाडी काहीही उभारा. बंधाऱ्याच्या फळ्या कोण, कोणत्या तारखेला, कोणाच्या पैशाने बसवणार, हे आधी लिहून ठेवा. आपले सगळे वेळापत्रक त्या फळ्यांवर टेकलेले आहे. फळ्या पंधरा दिवस उशिरा बसल्या तर तिसऱ्या लावणीला पाणी पुरणार नाही आणि ज्याने गटासाठी उशिरा लावले तोच बुडेल. देखभालीचा पैसा विक्रीतून रोज कापून वेगळ्या खात्यात टाकावा. वर्षाअखेरीस जमवू म्हटले तर तो जमत नाही.

चोर्ला पायथा (सत्तरी)

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री गटाच्या बैठकीत ही उत्तरे मी मोठ्याने वाचून दाखवली. शीतखोलीचा आग्रह धरणारे तरुण सदस्य प्रथम नाराज झाले, परंतु वांगी आणि मुळा एका तापमानाला राहत नाहीत हे वाचल्यावर त्यांनीच कागद घेऊन पिकांची विभागणी सुरू केली.

बंधाऱ्याविषयी लिहिलेले आम्हाला सर्वांत अधिक लागले. गेल्या वर्षी आमच्या फळ्या नोव्हेंबरच्या अखेरीस बसल्या आणि त्याला आम्ही सर्वजण जबाबदार होतो, कारण प्रत्येकाला वाटले की दुसरा कोणीतरी खात्याकडे अर्ज करील. या वर्षी दोन सदस्यांच्या नावावर ते काम लिहून दिले आहे.

एक शंका उरते. शेडसाठी रस्त्यालगतची जी जागा आहे, तिच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीवर) अकरा नावे आहेत. त्यातील तीन माणसे परदेशात आहेत. अशा जागेवर कर्ज मिळेल का?

निवृत्त कृषी अभियंता (फोंडा)

बँक उताऱ्यावरील प्रत्येक नावाची संमती मागेल, आणि आपल्याकडील वारसाहक्कात मुलगे, मुली व त्यांचे जोडीदार असे सर्वच येत असल्यामुळे ती संमती गोळा करण्यात एक हंगाम सहज निघून जाईल. त्या जागेवर कर्ज काढण्याच्या मागे लागू नका. पत्र्याची, उचलून नेता येईल अशी शेड गटाच्या वर्गणीतून उभी करा आणि जागेच्या वापरासाठी गावात राहणाऱ्या सहहिस्सेदारांशी लेखी करार करा. परदेशातील तिघांनाही तो पाठवून त्यांचे म्हणणे मागवा. दरम्यान ग्रामपंचायत किंवा सहकारी सोसायटी यांच्या आवारात कोपरा मिळतो का ते पाहावे.

वाचण्यासारखे एक उदाहरणही सुचवतो. केरळात भाजीपाला व फळ प्रोत्साहन परिषद 2001 पासून शेतकरी गटांचे स्वतःचे बाजार चालवण्यास साहाय्य करते. ठरलेल्या दिवशी सर्वांचा माल एका जागी येतो, वजन होते, आणि गटाचा प्रतिनिधी सर्वांच्या वतीने व्यापाऱ्यांशी एकच सौदा करतो. तिथली हवा आपल्यासारखीच दमट आहे आणि शेतेही आपल्यासारखीच तुकड्या-तुकड्यांची, त्यामुळे पंजाब-महाराष्ट्रापेक्षा तेथील अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. शक्य असेल तर दोघांना तिकडे पाठवा, आणि त्यांत गटाची वही लिहिणारी व्यक्ती असू द्या.

चोर्ला पायथा (सत्तरी)

सोसायटीच्या आवाराची चौकशी उद्याच करतो. आमची वही एका सदस्याच्या पत्नी लिहितात. केरळला जाण्याविषयी त्यांना विचारले आहे आणि त्या तयार आहेत.

म्हापशाच्या ताईंना एक विचारायचे आहे. क्रेट बाजारात गेले की परत येत नाहीत, असे येथील एका जुन्या भाजीवाल्याने सांगितले. आम्ही सुरुवातीला साठच क्रेट घेऊ शकतो. ते परत मिळण्याची काय व्यवस्था करावी?

म्हापशाची विक्रेती

क्रेटवर गटाचा रंग लावा, दुरून ओळखता येईल असा. प्रत्येक विक्रेतीकडून पहिल्याच दिवशी चार क्रेटची अनामत घ्या आणि रोज भरलेले चार उतरवताना रिकामे चार उचला. एक कमी असेल तर त्या दिवशी तीनच भरलेले द्या. भांडण होत नाही. माझ्याकडून अनामत सर्वांच्या आधी घ्या, म्हणजे बाकीच्या नाही म्हणणार नाहीत. आणि पहिल्या आठवड्यात गाडीबरोबर गटातील कोणीतरी स्वतः यावे, कारण मुळ्याची जुडी केवढी बांधायची हे इथे उभे राहून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

चोर्ला पायथा (सत्तरी)

मी स्वतः येईन. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मुळा निघेल, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी आपल्याला कळवतो.